डोळे झाकून घ्या

मे २०२३. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर अकोल्याहून एका अनोळखी मुलाचा मेसेज आलेला. "दादा, तुमचा रिव्ह्यू वाचून मदरबोर्ड घेतला होता. रेंडर लावला की वीसेक मिनिटांत पीसीची पार गोगलगाय होते. माझंच काही चुकलं असेल का?"

विचारपूस केली. वय बावीस-तेवीस. लग्नांचे व्हिडिओ शूट करायचा आणि घरीच एडिट करायचा. साठ हजारांचा पीसी, त्यातले निम्मे पैसे मामाकडून उसने घेतलेले. मे म्हणजे त्याचा ऐन सीझन. चाळीस मिनिटांत तयार व्हायला हवा तो व्हिडिओ दोन तास घेत होता, आणि नवरीकडची मंडळी रोज फोन करत होती.

"बघून सांगतो" म्हटलं आणि आधी स्वतःचाच रिव्ह्यू उघडून वाचला. तापमान, वेग, वीज, किंमत, सगळं पुन्हा तपासलं. एकही आकडा चुकलेला नव्हता. शेवटचं वाक्य होतं, "या किमतीत दुसरा पर्याय नाही. डोळे झाकून घ्या."

ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. सगळे आकडे खरे असूनही माणूस खोटं बोललेला असू शकतो का? असेल, तर खरं बोलायला आकड्यांशिवाय आणखी काय लागतं?

*

आधी या उद्योगाबद्दल थोडं. दिवसा मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर मित्रांचे पीसी जुळवून देता देता मला हार्डवेअरचा नाद लागला. मुंबईला गेलो की लॅमिंग्टन रोडवर चक्कर व्हायचीच. दहा दुकानांत भाव विचारायचे, अकराव्यात घासाघीस करायची आणि शेवटी पहिल्याच दुकानातून घ्यायचं. नोकरी लागल्यावर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डांचे रिव्ह्यू मराठीत लिहायला लागलो. इंग्रजीत या विषयावर डोंगर आहे, हिंदीतही बरंच आहे. मराठीत "पन्नास हजारांत कोणता पीसी बांधू?" असं विचारणाऱ्याला उत्तर देणारं फार कोणी नव्हतं.

माझे वाचक मुख्यतः लहान शहरांतले. कॉलेजची पोरं, फोटो स्टुडिओवाले, डीटीपी करणारे, एखादा गेमिंग कॅफे काढू पाहणारा. त्यांची अडचण अशी, की जी वस्तू घ्यायची ती आधी बघायला मिळत नाही. तालुक्याच्या दुकानात दोन प्रकारचे बोर्ड असतात आणि दुकानदार त्यातला जो खपत नाही तो गळ्यात मारतो. ऑनलाइन मागवलं आणि पेटी उघडली, की "जमला नाही" म्हणून परत घेणारा विरळा. अशा माणसासाठी रिव्ह्यू हा नुसता सल्ला राहत नाही. त्याच्या साठ हजारांचा निर्णय तिथेच होतो.

पीसीचा डबा ज्यांनी कधी उघडला नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. प्रोसेसरची भूक विचित्र असते. पॉवर सप्लायकडून मदरबोर्डला १२ व्होल्ट मिळतात, पण प्रोसेसरला हवे असतात जेमतेम सव्वा. १२० वॅट खाणारा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालत असेल तर त्याच्यातून १०० अँपिअर वाहतात. घरच्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, म्हणजे अंदाज येईल. बाराचे सव्वा करण्याचं हे काम सॉकेटशेजारच्या बारीक काळ्या चिपांची रांग करते. तिला व्हीआरएम म्हणतात. काम करताना ती तापते. महाग बोर्डावर चिपा जास्त असतात, म्हणून ओझं वाटलं जातं, आणि वर ॲल्युमिनियमचे जाड हीटसिंक असतात. स्वस्त बोर्डावर चिपा मोजक्या आणि हीटसिंक नावापुरता. व्हीआरएम फार तापला की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. अकोल्यातल्या पीसीची गोगलगाय व्हायची ती यामुळे.

आता माझी परीक्षा कशी झाली ते ऐका. महिना जानेवारी. पुण्यातला जानेवारी. खिडकी उघडी, खोलीत २२ अंश. बोर्ड कॅबिनेटमध्ये न बसवता टेबलावर उघडा ठेवलेला. तपासताना पार्ट सारखे बदलावे लागतात, म्हणून बहुतेक रिव्ह्यूवाले असंच करतात. अर्धा तास पूर्ण लोड दिला. व्हीआरएम ८४ अंशांवर स्थिरावला. त्या बोर्डाचा वेग १०५ ला खाली येतो, म्हणजे हातात २१ अंशांची ऐसपैस जागा. मी खूष. वाक्य लिहून टाकलं.

यातली बेरीज पाचवीतल्या पोरालाही येईल. व्हीआरएम खोलीपेक्षा ६२ अंश जास्त तापला होता. खोली गरम झाली की साधारण तेवढ्याच फरकानं तोही वर सरकणार. अकोल्यात मे महिन्यात, पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ४२ अंश धरा. ६२ आणि ४२ मिळून १०४. वर कॅबिनेट बंद, आत ग्राफिक्स कार्डची गरम हवा कोंडलेली. १०५ ओलांडायला आणखी काय हवं?

ही बेरीज मला जानेवारीतच करता आली असती. सगळे आकडे माझ्याकडे होते, आणि अकोल्याचा उन्हाळा काही गुपित नाही. तरी ती केली नाही, कारण वाचणारा कुठे बसलाय हा प्रश्नच मला पडला नव्हता. माझ्या डोळ्यासमोरचा वाचक माझ्यासारखाच होता. पुण्यात, गार खोलीत, उघड्या बोर्डासमोर बसलेला.

त्या रविवारी बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, दुपारी खिडक्या लावल्या, पंखाही बंद केला. खोली ३७ अंश. पंचविसाव्या मिनिटाला प्रोसेसर चार गिगाहर्ट्झवरून दोनच्या खाली घसरला. घामानं निथळत त्या आलेखाकडे बघत बसलो. त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

*

माणूस स्वतःचा वकील फार चांगला असतो. माझा पहिला बचाव तयारच होता. खोलीचं तापमान २२ अंश होतं हे मी लिहिलं होतं की! तक्त्याखाली, बारीक अक्षरात. ज्याला कळायचं त्याला कळलं असतं.

मग शाळेत ऐकलेली गोष्ट आठवली. 'नरो वा कुंजरो वा' हे आपण हसत हसत वापरतो, पण मूळ प्रसंग हसण्यासारखा नाही. अश्वत्थामा मेला, हे खरंच होतं. त्या नावाचा हत्ती मेला होता. युधिष्ठिर नाव मोठ्यानं बोलला आणि हत्तीचं पुटपुटला. शब्दशः खोटं त्यात काही नाही. तरी द्रोणांनी शस्त्र ठेवलं, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी मातीला टेकला. ज्यानं ही गोष्ट रचली त्यानं शब्दांचा हिशेब मांडलेला नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरलं आणि त्यानं पुढे काय केलं, याचा मांडला आहे.

माझं "२२ अंश" म्हणजे असाच एक पुटपुटलेला हत्ती. मोठ्यानं बोललो ते "डोळे झाकून घ्या".

यावर कोणी म्हणेल, युधिष्ठिराला पुढे काय होणार ते ठाऊक होतं, तुला नव्हतं. खरंय. म्हणून मी स्वतःला खोटारडा म्हणत नाही. पण जे सहज ठाऊक करून घेता आलं असतं ते न घेता इतक्या ठाम आवाजात बोलणं, याला आपण काय म्हणतो? डॉक्टरनं केलं तर हलगर्जीपणा म्हणतो. साठ हजारांच्या पीसीबद्दल केलं तर रिव्ह्यू म्हणतो.

*

माझा त्या वेळचा रूममेट तत्त्वज्ञानात एम. ए. करत होता. रात्री त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं एकच प्रश्न विचारला. "तुमच्या रिव्ह्यूत प्रत्यक्ष किती असतं आणि शब्द किती?"

मग चहा करून त्यानं समजावलं. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञान मिळवण्याची चार साधनं सांगितली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्ष म्हणजे जे स्वतः पाहिलं. शब्द म्हणजे विश्वासू माणसानं सांगितलं म्हणून जे मानलं. मला वाटायचं, रिव्ह्यू म्हणजे निव्वळ प्रत्यक्ष. मोजलं आणि लिहिलं. थोडं खरवडल्यावर लक्षात आलं, की तसं मुळीच नाही.

जीटीएक्स ९७० आठवतं का? एनव्हिडियाचं हे कार्ड सप्टेंबर २०१४ मध्ये आलं. मी बारावीला होतो आणि ते कार्ड माझ्या स्वप्नात यायचं. जगभरच्या रिव्ह्यूंनी त्याला डोक्यावर घेतलं. प्रत्येकाच्या तक्त्यात लिहिलेलं होतं, मेमरी ४ जीबी. काही महिन्यांनी साध्या वापरणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं, की मेमरीचा वापर साडेतीन जीबीच्या आसपास अडखळतो. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीनं मान्य केलं, की मेमरी दोन तुकड्यांत आहे. साडेतीन जीबी वेगवान आणि शेवटचा अर्धा जीबी बराच संथ. तक्त्यातले आणखी दोन आकडेही चुकीचे निघाले. आरओपी ६४ नव्हते, ५६ होते. एल-२ कॅश २ एमबी नव्हता, १.७५ होता. आमच्याच विभागांत निरोप नीट पोचला नाही, असा कंपनीचा खुलासा होता. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात तडजोड झाली आणि तिथल्या ग्राहकांना कार्डमागे ३० डॉलर देण्याचं ठरलं.

या प्रकरणात मला खुपते ती गोष्ट वेगळी. रिव्ह्यूवाल्यांनी स्वतः मोजलेला एकही आकडा यामुळे खोटा ठरला नाही. ज्या गेममध्ये ६० एफपीएस मिळत होते त्यात ६०च मिळत राहिले. चुकला तो तक्ता. तो कोणीच मोजलेला नव्हता, कंपनीच्या कागदावरून उतरवलेला होता. म्हणजे तो 'शब्द' होता. पण मोजलेल्या आकड्यांच्या शेजारी, त्याच अक्षरात, त्याच चौकटीत छापल्यामुळे तो 'प्रत्यक्ष' वाटत होता. वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायचा काही मार्गच नव्हता.

माझ्या रिव्ह्यूतही हेच होतं. ८४ अंश हे प्रत्यक्ष. "डोळे झाकून घ्या" हे अनुमान. पुण्याच्या जानेवारीवरून सगळ्या महाराष्ट्राच्या बाराही महिन्यांबद्दल काढलेलं. मी दोन्ही एकाच सुरात सांगितलं.

*

"पण तुला तो बोर्ड फुकट मिळाला होता ना?" हाही प्रश्न रूममेटनं विचारलाच. मिळाला होता. वितरकाकडून आला होता, परत मागितला नव्हता. मी मनाशी शपथेवर सांगू शकतो, की फुकट मिळाला म्हणून मी एक शब्दही गोड लिहिला नाही. "चांगलं लिहा" असं मला कधी कोणी सांगितलंही नव्हतं.

बोर्डासोबत एक पीडीएफ मात्र आली होती. रिव्ह्यूअर्स गाइड. या धंद्यात ही नेहमीची गोष्ट आहे. कोणता प्रोसेसर लावून बघा, कोणत्या चाचण्या घ्या, कोणत्या स्पर्धकाशी तुलना करा, सगळं नीटनेटकं लिहिलेलं. मी ते आज्ञा म्हणून पाळलं नव्हतं. पण रात्री अकरा वाजता दमून चाचण्यांची यादी करायला बसलो तेव्हा समोर तीच यादी होती. तिच्यात बंद कॅबिनेट नव्हतं आणि ४२ अंशही नव्हते. उत्तर माझं होतं. प्रश्न त्यांचे होते.

हे मोठ्या पातळीवर कसं चालतं, ते डिसेंबर २०२० मध्ये सगळ्यांना दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या हार्डवेअर अनबॉक्स्ड या चॅनलला एनव्हिडियानं कळवलं, की यापुढे आमची फाउंडर्स एडिशन कार्डं तुम्हाला रिव्ह्यूसाठी मिळणार नाहीत. त्यांचे आकडे खोटे आहेत असा आरोप नव्हताच. तुम्ही रे ट्रेसिंगला पुरेसं महत्त्व देत नाही, अशी तक्रार होती. म्हणजे मोजता ते ठीक, पण मोजायला चुकीची गोष्ट निवडता. जगभर आरडाओरडा झाला आणि काही दिवसांतच कंपनीनं माघार घेतली. पुढे मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आलं, तेव्हा बहुतेक रिव्ह्यूवाल्यांना विक्री सुरू होण्याआधी ड्रायव्हरच मिळाला नव्हता. ज्या मोजक्यांना मिळाला, त्यांना कोणते गेम कोणत्या सेटिंगवर दाखवायचे याच्या अटी होत्या.

कधी कधी वस्तूच थोडी वेगळी असते. जून २०१६ मध्ये टेकपॉवरअप या साइटनं दाखवून दिलं, की एमएसआय आणि असुस यांची रिव्ह्यूसाठी आलेली काही कार्डं दुकानातल्या त्याच मॉडेलपेक्षा जराशा जास्त वेगावर सेट केलेली होती. फरक बारीक होता, आणि ग्राहकालाही तो वेग सॉफ्टवेअरमधून चालू करता येत होता. तरी एवढं कळलं, की मी तपासतो ती वस्तू आणि तुम्ही विकत घेता ती वस्तू एकच आहे, हेही मी गृहीतच धरलेलं असतं.

मुलगी बघायला गेल्यावर पोहे कोणी केले हे विचारायची पद्धत नाही. आमचंही तसंच असतं.

*

यापेक्षाही अवघड गोष्ट आहे ती काळाची. मी बोर्ड सात दिवस बघतो, तुम्ही तो सात वर्षं वापरता.

ओळखीचे एक मदरबोर्ड दुरुस्त करणारे काका आहेत. तीस वर्षं तेच काम. माझे रिव्ह्यू त्यांना दाखवले तेव्हा चष्मा वर करून म्हणाले, "तुम्ही लोक बारशाचे पाहुणे. पेढा खाऊन जाता. आमच्याकडे येतं ते सगळं झाल्यावर." त्यांच्याकडे एका डब्यात जुने कपॅसिटर आहेत. डोकं फुगलेले, काहींतून तपकिरी रस बाहेर आलेला. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डांवर असे सदोष कपॅसिटर बसले. आतलं द्रव बिघडलेलं, त्यामुळे ते वेळेआधीच फुगायचे आणि फुटायचे. नवा असताना असा बोर्ड ठणठणीत चालायचा. आठवडाभराच्या कोणत्याही चाचणीत ते दिसणं शक्य नव्हतं.

मग रिव्ह्यू लिहूच नये का? वस्तूबद्दल सगळं कळेपर्यंत थांबायचं, तर ती बाजारातून गेलेली असेल. पूर्ण खरं सांगणारा नेहमी उशिरा पोचतो आणि वेळेवर पोचणाऱ्याला पूर्ण खरं ठाऊक नसतं. यातून सुटका नाही. मग निदान एवढं तरी करता येतं का, की मला कुठपर्यंत दिसलं आणि कुठून पुढे दिसत नाही, ती रेघ वाचणाऱ्याला मोठ्या अक्षरांत दाखवायची?

मी काही दिवस तेच केलं. नको तितकं केलं. खोलीचं तापमान, कॅबिनेट, बायॉसची आवृत्ती, बोर्ड कुठून आला, काय तपासलं नाही याची लांबलचक यादी. शेवटी "आपापल्या परिस्थितीनुसार निर्णय घ्यावा." एका वाचकानं लिहिलं, "सर, तुमचा रिव्ह्यू आता म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीसारखा वाटतो. घेऊ का नको, ते सांगा ना."

हसलो, पण लागलं. त्याचं बरोबर होतं. ज्याला स्वतः तपासता येत नाही त्याच्या हातात वीस अटी ठेवून बाजूला होणं म्हणजे खरं बोलण्याचा आव आणून पळ काढणंच की. "डोळे झाकून घ्या" म्हणताना मी त्याचे डोळे झाकले होते. आता माझे हात झटकत होतो. दोन्ही वेळा एकटा पडला तो वाचणाराच.

*

रूममेटनं त्या रात्री आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला नंतर पटली. 'शब्द' प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं दोन गोष्टी मागितल्या आहेत. सांगणाऱ्याला ती गोष्ट खरोखर कळलेली असावी, आणि जशी कळली तशीच ती दुसऱ्यापर्यंत पोचवायची त्याची इच्छा असावी. असा माणूस ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, कसोटी सगळ्यांना एकच. मला हे फार आवडलं. पदवी, नाव, फॉलोअर्स, काही विचारलेलं नाही.

मराठीत मात्र हा शब्द घरात आला आणि बदलला. आपण आप्त म्हणतो ते नातलगाला. आप्तेष्ट, आप्तस्वकीय. लग्नपत्रिकेतला शब्द. भाषेच्या या वळणात मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. परक्यानं सांगितलेलं आणि मामानं सांगितलेलं यात फरक कशाचा असतो? मामाला मदरबोर्डातलं जास्त कळतं असं नाही. पण भाचा कुठे राहतो, त्याच्या घराला पत्रा आहे की स्लॅब, हे मामाला ठाऊक असतं. सांगितलेलं चुकलं तर पुढच्या दिवाळीला तो तिथेच भेटणार असतो. त्याला पळून जाता येत नाही.

ज्यानं माझ्या शब्दावर मामाचे पैसे लावले, त्याच्याशी माझं तेवढं नातं तरी झालंच होतं. मी ते न मानल्यानं ते नाहीसं झालं नव्हतं.

रविवारची चाचणी संपल्यावर मी अकोल्याला फोन लावला. म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही, माझं चुकलंय. मी तुला दुसरा बोर्ड घेऊन देतो. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, तुम्ही थोडाच विकला?"

त्याला मला मोकळं करायचं होतं, पण मी अडकलो. विकणाऱ्याला निदान तीन वर्षांची वॉरंटी द्यावी लागते. सांगणाऱ्याच्या शब्दाला वॉरंटीच नसते. म्हणून तर सांगणं इतकं सोपं आहे.

दुसरा बोर्ड त्यानं घेतला नाही. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून, दुकानात शेदीडशेला मिळणारा छोटा पंखा व्हीआरएमवर रोखून बसवायचा, हे आम्ही व्हिडिओ कॉलवर मिळून केलं. बायॉसमधून प्रोसेसरची वीजमर्यादा ६५ वॅटवर आणली. रेंडरला चाळीसऐवजी पन्नास मिनिटं लागायला लागली, पण मध्येच बसकण मारणं थांबलं. दोन दिवसांनी मेसेज आला, "दादा, आता चालून राहिलं." नवरीकडच्यांना व्हिडिओ मिळाला होता, आठ दिवस उशिरा. त्यांनी ठरलेल्या पैशांतून दोन हजार कापले होते. ते मी पाठवले. यावेळी त्यानं घेतले.

मग रिव्ह्यू दुरुस्त केला. जुनं वाक्य खोडलं नाही. त्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, की हे का चुकलं. वितरकाकडून फोन आला. सूर सौम्य होता. "उघड्या टेबलावर तर सगळं ठीक आलं होतं ना?" आलं होतं. यानंतर कोणी रागावलं नाही, कोणी धमकी दिली नाही. फक्त पार्सलं यायची थांबली. आता वर्षाला चार-पाचच बोर्ड तपासून होतात, काही विकत घेऊन, काही दुकानदाराकडून आठवड्याच्या बोलीवर. रिव्ह्यू उशिरा येतात, वाचणारेही कमी झालेत. याचं वाईट वाटत नाही असं म्हणणं हा आणखी एक पुटपुटलेला हत्ती ठरेल.

"घ्या" किंवा "नको" मी आजही लिहितो. ते टाळत नाही. पण त्याआधी तीन ओळी असतात. मी काय मोजलं, काय कंपनीच्या कागदावरून घेतलं आणि काय माझा अंदाज आहे. आणि प्रत्येक रिव्ह्यूखाली एक जागा मोकळी ठेवलेली असते. तिथे वापरणारे लोक पुढची दोन-तीन वर्षं लिहीत राहतात. कुठे आहोत, कोणता महिना, छत कसलं, काय दिसलं.

त्या जुन्या रिव्ह्यूखाली अकोल्याहून दर मे महिन्यात एक ओळ येते. यंदाची अशी होती. "आज बाहेर ४४. पत्रा. पंखा चालू. व्हीआरएम ९६. तीन तास रेंडर, बंद नाही पडला. पंख्याशिवाय घेऊ नका."

मी ती ओळ माझ्या निष्कर्षाच्या वर नेऊन ठेवली आहे.